निळ्या कड्याची वाघाटी

तुमच्याच हाताने तयार केलेला पुरावा उलटून तुमच्यासमोर उभा राहिला, तर तुम्ही काय कराल — पुरावा नाकाराल की स्वतःला?

भूतप्रेत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. ही घटना घडण्याआधी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. आमचं घर छप्पनपासून बौद्ध. वडील वडसाच्या एका राइस मिलमध्ये हमाल. मी वाचायला शिकलो तो त्यांनी सभांमधून खिशात घालून आणलेल्या पत्रकांवर. इतरांच्या कोनाड्यात देव असत, आमच्या कोनाड्यात पत्रकं. तेव्हा पुढचं वाचून ‘पोरगा मुळातच भित्रा असेल’ असं कृपया म्हणू नका.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी कॉलेजसाठी चंद्रपूरला आत्याकडे राहत होतो. तिचं घर परकोटाच्या आत, किल्ल्याच्या भिंतीला पाठ टेकून. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मधे लाकडी माळा. भिंतीत पिंपळ उगवलेले, आणि त्या फटींतून शहरात काय काय येत-जात असेल याचा आम्ही कधी विचारही केला नव्हता.

मे महिन्यात माळ्यावरून रडण्याचा आवाज यायला लागला. बारीक, तान्ह्या लेकरासारखा. शेजारच्या मंदाकाकू पदर तोंडाला लावून आल्या.

“बाई, तुमच्या माळ्यावर मेलेलं लेकरू रडून राह्यलं. मिरचीची धुरी द्या, नाईतं भगताले बोलवा.”

आत्या भाजी निवडत म्हणाली, “मंदाबाई, मेलेलं रडत नाई. जे रडते ते जितं असते.”

हे वाक्य मी ऐकलं होतं... आणि सोडून दिलं.

मी टॉर्च घेऊन शिडीवर चढलो. जुन्या पेट्यांच्या वर दोन मोठे डोळे चमकले. घरच्या मांजरापेक्षा लहान, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. वाघाटी! जंगलातली मांजर शहराच्या मधोमध आमच्या माळ्यावर राहत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडलो, “सापडलं तुमचं भूत!” रडण्याचं कारण सापडलं होतं. आता फक्त लोकांना दाखवायचं बाकी होतं. पेट्यांच्या मागे मी पाहिलं नाही.

पहाटे ती न्हाणीजवळच्या टाक्यावर पाणी प्यायला उतरायची. दोन दिवस नजर ठेवून तिसऱ्या पहाटे दबा धरून मी तिच्यावर कोंबड्या झाकायचं डालं टाकलं. पाच-साडेपाचची वेळ, नळावर बायकांची रांग लागलेली. मी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि भाषणच ठोकलं — अज्ञान म्हणजे काय, भीती कोण विकतं, वगैरे. हे बोलणं मला चांगलं येतं.

मंदाकाकू म्हणाल्या, “हे इथंच कुठी सोडशील तं उद्या वापस येईन. मंग म्हणशील, दुसरी आहे.”

“मग सव्वाशे किलोमीटरवर सोडतो. आणि खूणही करतो.”

भिंतीवर घोषणा रंगवायचा निळा ऑइल पेंट माझ्याकडे होता. गोधडीचे चार पदर हाताला गुंडाळून मी तिला दाबून धरलं आणि शेपटीच्या मुळाशी निळं कडं रंगवलं. तिने झटका दिला, ब्रश घसरला, कडं एका जागी तुटकं राहिलं. माझ्या मनगटावर तिची तीन नखं उमटली.

“निळ्या कड्याची हीच मांजर या माळ्यावर परत दिसली,” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “तर माझी सगळी पत्रकं चुलीत घाला.”

“शब्द देऊन राह्यला का बाबू?” मंदाकाकूंनी विचारलं.

“दिला.”

आत्या डाल्याकडे बघत होती.

तेंदूची पानं तोडणाऱ्या बायकांसाठी छापलेली पत्रकं घेऊन मला धानोऱ्याला जायचंच होतं. सहाच्या एसटीत मांडीवर डालं आणि पायाशी शबनम पिशवी. शबनममध्ये पत्रकं आणि पेंटचा डबा, कारण धानोऱ्यात भिंती रंगवायच्या होत्या. वैनगंगा ओलांडली, गडचिरोली गेलं, अकरानंतर धानोरा आलं. तिथून पायी जंगलात गेलो. घड्याळात साडेबारा वाजले होते तेव्हा मी डालं उघडलं. ती एक क्षण थांबली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि पळसाच्या झुडपात शिरली. निळं कडं पानांत दिसेनासं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जवळच एक म्हातारी गोंड बाई सावलीला बसून तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होती. तिने हातातली वाखाची दोरी खाली ठेवली.

“कुठून आणली गा तिले?”

“चंद्रपूरहून. शहरात अडकली होती, तिच्या घरी आणून सोडली.”

“हे तं दुधाची आहे. थानं नाई पाह्यले? पिल्ले कुठी ठेवले तिचे?”

मला पहिल्यांदा अर्थच कळला नाही. मग कळला. ते रडणं... बारीक, अनेक गळ्यांचं. पेट्यांच्या मागे.

मी झुडपात घुसलो, वेड्यासारखा हाका मारत. रानमांजर काय हाकेला ओ देते? परत आलो तेव्हा म्हातारी माझ्या शबनममधून डोकावणाऱ्या गठ्ठ्याकडे बघत होती.

“कायचे कागद आहेत?”

“तुमच्या... हक्कांचे.”

“असं,” ती म्हणाली आणि पुन्हा पुडा बांधायला लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

परतीची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तोवर मी पत्रकं वाटली नाहीत, भिंतीही रंगवल्या नाहीत. मेमधल्या कवेलूखालचा माळा भट्टीसारखा तापतो. आईविना, दुधाविना तिथे काय उरलं असेल, याचं चित्र डोळ्यांसमोरून हलेना. भगताला बोलावलं असतं तर त्याने लिंबू कापलं असतं, फार तर मिरच्या जाळल्या असत्या. मी विज्ञानाच्या नावाने एक आई उचलून नेली होती.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. दारातच आत्याने ओठांवर बोट ठेवलं.

“चप्पल काढ. हळू चढ. आवाज नोको करू.”

मी शिडी चढलो. पेट्यांच्या मागे जुन्या लुगड्यावर तीन पिलं आईच्या पोटाला चिकटून दूध पीत होती. आणि आई... कपाळावर त्याच पांढऱ्या रेघा. शेपटीच्या मुळाशी निळं कडं. माझा ब्रश घसरला होता त्याच जागी तुटकं.

 खाली कसा आलो, आठवत नाही.

“कधी आली?” मी विचारलं.

“कालच. तू गेल्यावर पिल्ले लय रडले. मी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाह्यलं, घेत नव्हते. मंग रेडिओवर दीडच्या बातम्या चालू होत्या, मंदाबाई इथंच बसल्या होत्या, अन् हे भिंतीवरून उतरली. आमच्या मधातून गेली वर.”

दीड. साडेबाराला ती धानोऱ्याच्या जंगलात होती. मधे सव्वाशे किलोमीटर आणि एक नदी.

मी प्रत्येक बाजूने विचार केलाय. दुसरी मांजर? मग तिच्यावर कडं कुणी रंगवलं — पेंटचा डबा तर माझ्या शबनममध्ये होता. मी तिला रंगवलं अंगणात, माळ्यावर नाही. पण माळ्याच्या चुना लावलेल्या तुळईवर निळ्या रंगाचा ओलसर फराटा होता. माझं बोट त्याने निळं झालं. आत्या खोटं बोलली? आत्याने आयुष्यात कुणाच्या भल्यासाठीही खोटं सांगितलेलं नाही. माझं घड्याळ चुकलं असेल? तासाभराने चुकलं म्हणू. तरी ते सव्वाशे किलोमीटर?

संध्याकाळी मंदाकाकू नारळ-कुंकू घेऊन आल्या, मागे अर्धी गल्ली. “माउली आहे ते. सांग ना बाबू, तूच सोडली होती ना तिले?”

खरं सांगितलं तर माळ्यावर उद्या देऊळ होणार. खोटं सांगितलं तर मी आणि भगत यांच्यात फरक काय? मी म्हणालो, “मीच सोडली होती. हीच आहे. कशी आली, मला माहीत नाही. आणि माहीत नाही याचा अर्थ देव आहे असा होत नाही.” मग शबनममधली आणि आत्याच्या कोनाड्यातली माझी सगळी पत्रकं काढून त्यांचा गठ्ठा चुलीपाशी ठेवला. शब्द दिला होता.

मंदाकाकूंनी गठ्ठा चुलीपासून मागे सरकवला. मग म्हणाल्या, “राहू दे. मले वाचून दाखवजो कधी.”

नारळाची आत्याने चटणी केली.

तीन आठवड्यांनी वाघाटीने एकेक पिलू तोंडात धरून परकोटाच्या भिंतीवर नेलं. आम्ही अंगणातून पाहत होतो. त्यानंतर ती दिसली नाही. माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि नसलेलं उत्तर मी बनवणार नाही.

म्हणून एक विनंती. धानोऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या कुणाला शेपटीवर तुटकं निळं कडं असलेली वाघाटी त्या काळात कधी दिसली असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर मला कळवा. मी सोडलेली तिथेच राहिली असेल, तर आमच्या माळ्यावर कोण आलं होतं, हा प्रश्न मला नव्याने विचारावा लागेल. पण एक करा. आज एखादी वाघाटी दिसली, तर तिला पकडू नका. आणि तुमच्या स्वतःच्या माळ्यावरून काही हुसकावण्याआधी पेट्यांच्या मागे एकदा बघा.