आच न लागणारे हात

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दुर्गजवळच्या हथखोजमधल्या एका फॅब्रिकेशन कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चंपा गजभिये भट्टीवरून चहाचं पातेलं उतरवत होती. दोन्ही कान नुसत्या हातांनी धरलेले. सांडशी नाही, फडकं नाही. पहिल्या पाळीचे वेल्डर गिलास घेऊन रांगेत बघत उभे होते.

"आमच्या हातात चामड्याचे मोजे, तरी पोळते," फिटर हिरालाल रांगेतून म्हणाला. "या बाईले वेल्डिंगवर लावा ना."

लोक हसले. नऊ वर्षांपासून ती इथं लोहाबाई होती. नाव आधी पडलं, रोग नंतर कळला. चार वर्षांपूर्वी दुर्गच्या दवाखान्यात डॉक्टरनं तिला डोळे मिटायला सांगितले, बोटांवर पेनचं टोक टेकवलं आणि विचारलं, कुठं लागतंय? कुठंच लागत नव्हतं. लोक ज्याला हिंमत म्हणत होते ते काय आहे, हे तिला त्या दिवशी समजलं.

बारा महिने तिनं गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनी चेहरा काळवंडला, तेव्हा भट्टीची झळ लागली असं सांगितलं. रोग गेला, बोटं मात्र बधिर राहिली. गरम वस्तू फडक्याशिवाय धरू नको, पुन्हा खोल भाजलं तर बोटं वाकतील, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण लोहाबाईनं एकाएकी फडकं घेतलं तर शंभर जण कारण विचारणार. ती वाफेवरून अंदाज घेऊन पातेली उचलत राहिली.

त्या सकाळी अंदाज चुकला.

"चंपाबाई," शेजारी कणीक चाळणारी कौशल्या हळूच म्हणाली, "कातडी पातेल्याच्या कानाले चिकटली तुही."

चंपानं पाहिलं. मग "अवं माय" म्हणत हात झटकला. तोवर तिनं चार गिलास भरले होते.

रांग संपल्यावर कौशल्या तिला कांद्याच्या पोत्यांमागं घेऊन गेली. कौशल्या गोंदियाकडच्या शेतकरी घरातली. नवरा कारखान्यात, स्वतः इथं सहा वर्षं.

"माह्या मोठ्या बापाची बिडी बोटापर्यंत जळे," ती म्हणाली. "त्याले वास आल्यावर समजे. गावाबाहेर झोपडी बांधून देल्ली होती त्याले. मी भाकर दगडावर ठेवून पळत येत होती."

"मी कोर्स पूरा केला, कौशल्याबाई. आता कोणाले लागत नाही. कार्ड हाय, डॉक्टरची सही हाय. उद्या आणून दाखवते."

"कार्ड खरं असन. पण कणीक तू कार्डानं मळते का?"

चंपानं हात पदराखाली घेतला. एरवी ती उत्तराला कधी अडली नव्हती. कामाच्या पहिल्याच दिवशी जात विचारली गेली, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं 'बौद्ध आहो' म्हणून सांगितलं होतं. कौशल्या दोन वर्षं आपला गिलास वेगळा खिळ्याला टांगत असे. "तुह्या गिलासाले माहा विटाळ होते, पोटाले माह्या पोळ्या चालतात," असं चंपानं तिला तोंडावर सुनावलं होतं. पुढं गिलास आपोआप खिळ्यावरून उतरला. जातीच्या अपमानाचं उत्तर तिला बापानं शिकवलं होतं, ती राहायची ती कुरुदची सगळी वस्ती तिच्या पाठीशी होती. या रोगाबद्दल त्याच वस्तीत कोणाला माहीत नव्हतं. कार्ड तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली होतं.

"पाया पडते तुह्या," ती म्हणाली आणि वाकली. आयुष्यात ती कोणापुढं अशी वाकली नव्हती. कौशल्या दोन पावलं मागं सरली.

"मी कोणाले सांगत नाही. पण चूल सोड. तूच सांग ठेकेदाराले, म्हणजे मले सांगा लागणार नाही."

दुपारपर्यंत चंपानं सगळं चाचपून पाहिलं. काम सोडावं, तर दुसऱ्या कॅन्टीनमध्येही हेच हात न्यायचे. कार्ड दाखवावं, तर ते वाचून कोणाला धीर येणार नव्हता. वरच्या ओळीतलं 'कुष्ठरोग' तेवढंच वाचलं गेलं असतं. हाताला चिंधी बांधून ती पोळ्या शेकत राहिली. कणीक सकाळपासून कौशल्याच मळत होती.

तीन वाजता ती ठेकेदार टिकारामच्या टेबलासमोर उभी राहिली. वाक्य तिनं मनात घोकलं होतं.

"सेठ, मले आता आच सहन होत नाही."

टिकारामनं चष्मा वर केला. "लोहाबाई को आंच लगती है?"

नळावर हात धुणारा हिरालाल म्हणाला, "वय झालं बाप्पा. लोखंडालेही जंग लागते."

सगळे हसले. चंपाही हसली, कारण न हसणं दिसलं असतं.

"ठीक है, बर्तन देख ले," टिकाराम म्हणाला. "चूल्हा कौशल्या को दे देता हूँ."

भांड्यांच्या मोरीवर तेलकट ताटांसाठी कढत पाण्याच्या बादल्या येतात; बोटांना कळत नाही म्हणून त्या पाण्याला तिला आधी कोपर टेकवून बघावं लागणार होतं. एकशे चाळीस ताटं याच हातांतून जाणार होती. त्याबद्दल कौशल्या काही बोलली नव्हती, आणि चंपानं आठवण करून दिली नाही.

निघताना तिनं भिंतीकडं पाहिलं. कौशल्याचा गिलास खिळ्याला टांगलेला होता.

दाराशेजारच्या फळ्यावर टिकारामनं खडूनं उद्याचं काम लिहून ठेवलं होतं. चाय-रोटी: कौशल्या. बर्तन: चंपा. समय: सुबह छह बजे.