सत्यवतीची साक्ष

देवबागच्या सत्यवती तारीला कोर्टाची पायरी चढावी लागली ती एका चहाच्या कपापायी, आणि तो कपही तिचा नव्हता.

नवरा सहदेव होडीवर जायचा. त्यानं आणलेली मासळी टोपलीत भरून ती मालवणला यायची आणि तिथून एसटीनं कट्टा गावच्या बाजारात. बाजारात आणि घरोघरी फिरून टोपली रिकामी झाली की परतीची गाडी येईपर्यंत बाबलीच्या हॉटेलाच्या पायरीवर बसून चहा घ्यायची. आत बाकडी होती, पण ती कधी आत गेली नव्हती. अंगाला मासळीचा वास, लोकांना कशाला त्रास, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं. पायरीच्या वर भिंतीतल्या खुंटीला एक टवका उडालेला कप टांगलेला असे. तो महारवाड्यातल्या गिऱ्हाइकांसाठी. त्यांनी तो काढायचा, बाबलीनं वरून चहा ओतायचा, त्यांनी विसळून परत टांगायचा. सत्यवतीनं तो इतक्या वेळा बघितला होता की आता तो तिला दिसतही नसे.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली एका दुपारी काशिनाथ जाधव हॉटेलात आले. हे शाळामास्तर, दोन वर्षांपूर्वी घरादारासकट बौद्ध झालेले. ते सरळ आत जाऊन बाकड्यावर बसले.

"एक चाय. बशीसकट."

"मास्तर, तुझो कप खुंट्यार आसा," बाबली म्हणाला.

"तो माझो नाय."

"तुझ्या बापाशीचो होतो."

मास्तर उठले नाहीत. तेव्हा बाबलीनं त्यांचा दंड धरून त्यांना पायरीखाली ढकललं. हातातली वह्यांची पिशवी रस्त्यावर सांडली. आतली माणसं चहात डोकी घालून बसली. वह्या गोळा करता करता मास्तरांनी चौफेर बघितलं आणि विचारलं, "कोणी बघलंत?"

"बघलंय की," सत्यवती म्हणाली. विचारलं म्हणून सांगितलं. एवढंच.

मास्तरांनी बाबलीवर खटला भरला आणि महिन्याभरानं बेलिफ साक्षीचं समन्स घेऊन देवबागात आला. सहदेव हातातलं जाळं टाकून उठला.

"काय केलंस गो तू?"

"माका काय ठाऊक! मास्तरान इचारल्यान, बघलंस? मी म्हटलंय, बघलंय."

"बघलंस तर बघलंस. सांगलंस कित्याक?"

तिनं समन्स घडी करून कमरेला खोचलं.

मालवणच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मास्तरांचे वकील तिची वाट बघत होते. गुरुदास कदम. दिवसा गिरणीच्या ऑफिसात कारकुनी करून मुंबईला वकील झालेले, आणि मास्तरांच्याच समाजातले. सत्यवतीनं असा वकील कधी पाहिला नव्हता. ते तिच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले तेव्हा आपण उठावं की बसून राहावं, हे तिला कळेना. शेवटी ती अर्धवट टेकून राहिली.

"वकीलसायब, रागावा नको," ती म्हणाली. "तुमी मास्तरांचेच. मगे तुमचां जज आयकतीत?"

कदम हसले. "अमेरिकेत काळे वकील आहेत, बाई. तिथे गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्याविरुद्ध ते अगदी वरच्या कोर्टापर्यंत भांडले. समोर सगळे न्यायाधीश गोरे. तरी चार वर्षांपूर्वी जिंकले."

"काळे म्हंजे खाप्री?" सत्यवतीनं विचारलं. सहदेवानं ते पाहिले होते, गोव्याच्या हद्दीवर, पोर्तुगीजांच्या फौजेतले आफ्रिकी शिपाई. "आमचो घोव सांगता, ते बंदुको घेवन उभे रवतत. ते वकील कधी झाले?"

कदमांचं हसू गेलं. "तो शब्द नका वापरू. आम्हाला गावात काय म्हणून हाक मारतात, ठाऊक आहे ना? तसाच आहे तो."

तिचे कान तापले. ती काही वाईट मनानं बोलली नव्हती. तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला. इकडे तोच माणूस गोऱ्यांच्या वतीनं बंदूक धरतो, आणि तिकडे गोऱ्यांसमोरच उभा राहून त्यांच्या विरुद्ध बोलतो?

"मगे आता पोरां एकाच शाळेत बसतत?"

"काही ठिकाणी. पुष्कळ ठिकाणी अजून नाही."

"तर जिंकले कशे?"

कदमांनी कागद चाळले. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला खोटं सांगणार नाही. तिथे ज्या साध्या माणसांनी अर्जावर सह्या केल्या, त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. तुम्हालाही त्रास होईल. नाही बोललात तरी मी समजून घेईन."

"पण मी बघलंय," ती म्हणाली. बघितलेलं न बघितलं कसं करायचं, हे तिला येत नव्हतं.

साक्षीत तिनं सगळं सांगितलं. मग बाबलीचे वकील उठले.

"तू स्वतः कुठे बसून चहा पितेस?"

"पायरीर."

"तुला तिथे कोणी बसवलं?"

"कोणी नाय."

"मग आत का जात नाहीस?"

वासाचं कारण ओठांवर आलं होतं, पण इतक्या माणसांसमोर ते पहिल्यांदाच तिला खरं वाटेना. मॅजिस्ट्रेटनी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "माका म्हायत नाय."

वकिलांनी पंचांग उघडलं. "ही तारीख एकादशीची. एकादशीला कट्ट्यात मासळी कोण घेतं? तू त्या दिवशी तिथे नव्हतीसच."

"घेतत की," ती चटकन म्हणाली. "मागच्या दारान घेतत."

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटनीही रुमाल तोंडाशी नेला. बाबलीला दंड झाला. कदमांनी तिला हात जोडले. तिला वाटलं, संपलं.

पुढच्या बाजाराला तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. नेहमीची गिऱ्हाइकं मान वळवून शेजारणीकडे गेली. हा राग मास्तरांच्या बाजूनं बोलल्याचा होता की मागच्या दाराचा, हे तिला कोणी सांगितलं नाही. पोफळीच्या बागेतल्या एका बाईंनी तेवढं हळूच म्हटलं, "सत्यवती, आमची अब्रू घालवलीस गो." ज्या घरांची नावं तिनं घेतलीच नव्हती, तीही दुखावली होती. दोन महिने रिकाम्या हातानं परतल्यावर तिनं कट्टा सोडला आणि मालवणच्या बंदरावर बसायला लागली. तिथे जागेसाठी पहिल्यापासून भांडावं लागलं.

वर्षभरानं कदम तिला शोधत बंदरावर आले. अपिलात बाबली सुटला होता. एकादशीला मासळीवाली बाजारात असणं संशयास्पद आहे, असं वरच्या कोर्टानं म्हटलं होतं. मागच्या दारानं घेणारं एकही घर साक्षीला येणार नव्हतं.

"म्हंजे मी बघलंय ता झालांच नाय?"

"झालं. पण शाबीत झालं नाही."

तिनं ही दोन वाक्यं मनात पुन्हा पुन्हा फिरवली. "आणि तो कप?"

"तो बाबलीनं पहिल्या निकालालाच काढला. अजून परत लावलेला नाही. मास्तर आत बसून चहा पितात."

"सुटलो तरी लावल्यान नाय?"

"नाही," कदम हसून म्हणाले.

हरलेले वकील हसत होते आणि जिंकलेल्या बाबलीनं खुंटी रिकामीच ठेवली होती. सत्यवतीनं पदरानं कपाळ पुसलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बांगडे दाखवले. दुसरं काय करावं, हे तिला सुचेना.

सदुसष्ट साली पावसाळा सरता सरता काशिनाथ मास्तर बंदरावर आले. केस पिकले होते. पेपरात आलं होतं, अमेरिकेत शाळांचा खटला लढवणाऱ्या वकिलांपैकी एकाला तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टात न्यायाधीश केलं होतं. कदमांनी मुंबईहून मुद्दाम कळवलं होतं, त्या बाईंना सांगा म्हणून.

"बरां झालां," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं, पण का, ते तिला सांगता आलं नसतं.

मास्तर रेंगाळले. त्यांच्या वाडीत विहिरीवरून नवा खटला उभा राहिला होता. साक्षीदार एकच, नर्मदा नावाची विशीतली सून. घाबरून तिनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

"मी काय सांगू तिका? माका विहिरीचां काय म्हायत नाय."

"सांगू नको. नुसती ये."

तारखेच्या दिवशी सत्यवतीनं टोपली शेजारणीकडे ठेवली आणि कोर्टात गेली. नर्मदा व्हरांड्यातल्या बाकावर पाय आखडून बसली होती. सत्यवती तिच्या शेजारी बसली. काय बोलायचं, काय टाळायचं, याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, कारण तिचं तिलाच अजून उमगलं नव्हतं. पुकारा झाला तेव्हा नर्मदेनं तिचा हात घट्ट धरला. सत्यवती तिच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि साक्ष संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.