कॉफीवरचा आळ

आमच्या घरात कॉफी फक्त ताई प्यायची. बाकीचे सगळे चहाचे. नाशिकजवळ सातपूरच्या कामगार वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि अण्णा तिथल्याच एका कारखान्यात लेथवर होते. आई-अण्णांचं गाव सायखेडा. गावाकडे कॉफी व्हायची ती घरी कुणी मोठा पाहुणा आला तर, किंवा उपासाला, जायफळ घालून. रोज उठून कॉफी पिणारं माणूस आमच्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं.

ताईला ती गोडी लागली शेजारच्या काकूंमुळे. त्या मंगळुरूकडच्या. दहावी झाल्यावर ताई त्यांच्याकडे शिवण शिकायला जायची आणि शिवण राहिलं बाजूला, कॉफी घेऊन परत यायची. पुढे अंबडला बटणं-स्विच बनवणाऱ्या कंपनीत ती लागली, तेव्हा तिनं स्वतःसाठी स्टीलचं फिल्टर आणलं. पहाटेच्या पाळीला निघायच्या आधी एक पेला आणि परत आल्यावर एक, एवढंच तिचं कौतुक. त्या पेल्यापाशी बसलेली असताना तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा शाळेत होते. ताई कामावरून आली की जिन्यात मधेच थांबायला लागली. कठड्याला धरून उभी राहायची, दुसरा हात छातीवर. विचारलं की म्हणायची, "धडधडतंय गं, जरा थांब." एकदा मी तिच्या छातीला कान लावला. शिवणयंत्र मधेच टाका सोडत चालावं तसं आत काहीतरी चाललं होतं. मला हसू आलं होतं, तीही हसली होती.

अण्णा तिला वसाहतीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर चांगले होते, आमचे सगळ्यांचे ताप-खोकले त्यांनीच काढलेले. पण बाहेर बाकावर माणसं बसलेली असायची, आणि त्यांना कुणालाच फार वेळ देता यायचा नाही. त्यांनी कपड्यांवरूनच नळी लावली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि खाण्यापिण्याचं विचारलं. ताईनं कॉफीचं सांगितलं.

"रोज? आणि उपाशीपोटी?" ते म्हणाले. "मग धडधडणार नाही तर काय होईल? कॉफी बंद, की धडधड बंद."

रक्तवाढीचं औषध लिहून दिलं. अण्णा घरी आले ते जवळजवळ आनंदातच. कारण सापडलं होतं, आणि ते बंद करता येण्याजोगं होतं. "रोग नाय, सवय हाय," असं ते वसाहतीत भेटेल त्याला सांगू लागले. आम्हा सगळ्यांच्याच जिवाला बरं वाटलं.

आईनं फिल्टर धुऊन पुसून काकूंना देऊन टाकलं. काकू एवढंच म्हणाल्या की त्यांची आई म्हातारी होईस्तोवर कॉफी पीत होती, तिला काही झालं नाही. ते कुणी मनावर घेतलं नाही.

कॉफी सुटल्यावर पहिले काही दिवस ताईचं डोकं इतकं ठणकायचं की ती फडकं घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मग ते थांबलं. झोप जरा बरी लागायला लागली, पित्तही कमी झालं. हे तिनं स्वतःच कबूल केलं. पण जिन्यातलं थांबणं काही गेलं नाही.

आणि इथूनच ते वाईट सुरू झालं. ती थांबली की अण्णा विचारायचे, कंपनीत पितेस का? ती नाही म्हणायची. त्यांना ते खरं वाटायचं नाही, कारण ते खरं मानलं तर दुसरं काहीतरी आहे असं मानावं लागलं असतं. एके दिवशी त्यांनी तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईला रस्त्यात गाठून विचारलं. ताईला ते कळलं. मला म्हणाली, "आता धडधडतंय म्हणून सांगायचीच चोरी झाली."

त्यानंतर तिनं सांगणं बंद केलं. भाजीची पिशवी माझ्या हातात द्यायची आणि चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं पायरीवर बसून घ्यायची.

तिचं लग्न येवल्याला झालं. भाऊजी हातमागावर पैठणी विणायचे. अण्णांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं की पोरगी निरोगी आहे, कॉफीची सवय होती तेवढी मोडली. त्यामुळे ही गोष्ट तिच्या आधीच सासरी पोचली. दिवस गेल्यावर तिला धाप लागू लागली, पाय सुजले, आडवं पडवेना. सासूबाईंनी निरोप पाठवला की माहेरी असताना हिनं कॉफीनं अंगात उष्णता भरून घेतली आहे, आता ती बाहेर पडतेय. सातव्या महिन्यात एका सकाळी खोकता खोकता तिच्या तोंडातून तांबूस फेस आला. भाऊजींनी कुणाची तरी जीप मिळवली आणि तिला सरळ नाशिकला आणलं.

तिथं मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आम्हाला गप्प बसायला सांगितलं आणि ताईच्या छातीवर, काखेखाली, पाठीवर बराच वेळ नळी ठेवून ऐकलं. मग बाहेर येऊन आईला विचारलं, हिला लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?

आईनं अण्णांकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हते. सायखेड्याला असताना. गुडघे असे टम्म फुगले व्हते. आम्ही पाला बांधला. उतरले आपोआप."

डॉक्टरीण म्हणाली, तो साधा ताप नव्हता. तो सांध्यांतून निघून गेला, पण काळजाची झडप त्यानं खराब केली. ती झडप वर्षानुवर्षं आवळत आली होती, आणि गरोदरपणाचा भार आता तिला झेपत नव्हता.

अण्णा मधेच म्हणाले, "पण डॉक्टर, ती कॉफी प्यायची. रोज." अजून कुणी हो म्हणेल अशा आशेनं ते तिच्याकडे बघत होते.

"कॉफीनं धडधड वाढते, झोप जाते, पित्त होतं," ती शांतपणे म्हणाली. "झडप अशी होत नाही, काका. धडधड सुरू झाली तेव्हाच ही इकडे यायला हवी होती."

त्या दिवशी ताईला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी ती तान्ही पोर गेली. ताईला तिला हातात घेता आलं नाही.

पुढे मुंबईला नेऊन झडप मोकळी करून आणली. नंतरची काही वर्षं बरी गेली. पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही असं सांगितलं होतं. सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा भाऊजी माग चालवत राहिले. पण त्यांनी एक केलं. नाशिकला तपासायला आले असताना त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारून घेतलं, की हिनं एक कप कॉफी घेतली तर चालेल का. चालेल म्हटल्यावर दुकानातून बाटलीतली पूड आणली आणि सकाळी आपल्या हातानं करून द्यायला लागले. ताई मला सांगायची, अगदी पाणचट करतात गं. सांगताना तिचा चेहरा असा खुलायचा, की तसा मी एरवी कधी पाहिला नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी काळजाचे ठोके पुन्हा बिघडले. एका दुपारी मागासाठी रेशीम गुंडाळताना तिच्या हातातली कांडी सुटली. भाऊजींनी काय झालं विचारलं, तर तिच्या तोंडून शब्द नीट निघेना. काळजात धरलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. त्यातून ती उठलीच नाही.

दहाव्याला नातेवाईक जमले होते. कोण काय विचारेल त्याला अण्णा एकच उत्तर देत होते. "कॉफीनं गेली पोर. लहान वयात लय प्यायली." ऐकणारे मान हलवत होते. कुणी म्हणालं, आमच्याकडे म्हणूनच कधी आणत नाही.

आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या खाली ठेवून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कॉफी नव्हती ती. गुडघे सुजले व्हते तिचे. तुम्ही पाहिले, मी पाहिले."

आवाज चढला नव्हता. अण्णा उठून बाहेर गेले आणि माणसं जाईपर्यंत आत आले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी कॉफीचं नाव काढलं नाही. पण ताईचंही नाव काढणं सोडलं. फोटो भिंतीवर लावला, त्याला हार आईच घालते.

आई आता सायखेड्याला गेली आणि कुणाच्या पोराला ताप येऊन सांधे धरलेत असं कानावर आलं, की हातातलं काम टाकून त्या घरी जाते. लोकांना ते विचित्र वाटतं. मागच्या खेपेला एका सुनेनं तिला जरा तोडूनच सांगितलं, पाला बांधलाय, उतरेल. आई ओट्यावर बसून राहिली. शेवटी पोराच्या बापानं दवाखान्यात न्यायला मोटारसायकल काढली, आणि पोराला घेऊन ती निफाडच्या रस्त्याला लागेपर्यंत आई तिथून हलली नाही.