हंपीतला रिकामा गाभारा

हंपीच्या विठ्ठल मंदिरात दगडी रथापुढे फोटो काढणाऱ्यांची झुंबड होती. आई मात्र थेट गाभाऱ्याकडे गेली आणि तापलेल्या फरशीवर तिने चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "अम्मा, चप्पल पहनो. अंदर भगवान नहीं है."

आईने आत वाकून पाहिलं. नुसता अंधार होता आणि वटवाघळांचा वास येत होता.

"अगं, मूर्ती कुठाय?"

"लढाईनंतर हे शहर ओस पडलं, आई. तेव्हापासून असंच आहे. मी सांगितलं होतं तुला."

पण तिने विठ्ठल एवढंच ऐकलं होतं. बाबांनीही. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. तरी आत्याला उशाशी बसवून त्यांनीच आईला पाठवलं होतं. "पोरगी नेतेय तर जा. मला बरं कर म्हणून सांग त्याला."

आई-बाबांनी मला कॉलेजात शिकवलं, म्हणून मला या खांबांवरची नक्षी वाचता येते. अशा जागांना आपण वारसा म्हणतो. तिथे आता कुणी काही मागायला येत नाही, म्हणूनच कदाचित त्या इतक्या नीट जपता येतात.

"चल, ऊन फार आहे," मी म्हणाले.

"थांब जरा."

ती उंबऱ्याशी हात जोडून उभी राहिली. मग त्या अंधाराला ती हळूच म्हणाली, "आता सोडव रे त्यांना."