हॅनापाशी वळणारी वाट

कुमुदताई सबनीस बागेत शिरल्या की चांगली फरसबंद वाट सोडून चिखलातून चालायच्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाई, सलवारीचे पाय वेलिंग्टन बुटांत खोचून, कडेच्या गवतातून पचक पचक करत जाताहेत! ब्रिस्टलला मी नवीन होते. मला वाटलं, बाईंचं डोकं जरा फिरलेलं असावं. एकदा माझ्यादेखत त्यांचा तोल गेला आणि पाऊल वाटेवर पडलं. लगेच वाकून त्यांनी फरशीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि पुटपुटल्या, "चुकलं हो."

मराठी कानावर पडल्यावर मला कुठलं राहवायला! "काही पडलं का तुमचं?" मी विचारलं.

"नाही गं. पाय लागला. खाली नाव आहे बघ."

खरंच होतं. ही बाग म्हणजे एका चर्चच्या आवारातली जुनी दफनभूमी. चर्च कधीच पाडलेलं, आणि कबरींवरचे दगड आडवे घालून बागेची वाट केलेली. त्या नावांवरून रोज कुत्री, प्रॅम, सायकली आणि बस गाठायला धावणारी मी, असे सगळे जात होतो.

ताई इथल्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. "झोपवायच्या आधी माणसाला नाव विचारायचं आणि उठवताना त्याच नावानं हाक मारायची, जन्मभर हेच केलं मी," त्या म्हणायच्या. "ही मंडळी काही उठायची नाहीत. म्हणून काय नावावर पाय द्यायचा? आपल्याकडे नाव ठेवायला दगडच नसतो. ज्यांच्याकडे आहे, त्यांचं तरी राहू दे."

मग एका हिवाळ्यात त्या दगडांवरून घसरून कुणाचं तरी मनगट मोडलं आणि कौन्सिलनं बागेच्या फाटकावर नोटीस लावली: दगड आहेत तिथंच ठेवून वर टारमॅक, म्हणजे डांबर, टाकणार. ताई मला घेऊन कौन्सिलच्या ऑफिसात गेल्या. तिथला डॅनियल नावाचा तरुण अधिकारी फार सभ्य होता. त्यानं हळुवारपणे विचारलं, यांत तुमचे कोणी नातेवाईक आहेत का, मिसेस सबनीस?

"डॉक्टर सबनीस," ताईंनी आधी दुरुस्ती केली. "अँड नो. देअर रिलेटिव्ह्ज आर ऑल डेड. दॅट्स व्हाय आय हॅव कम."

दगड उचलून भिंतीशी उभे करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. डॅनियल म्हणाला, "वी'ल लुक इन्टू इट."

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "बघतो म्हणाला. बघतो म्हणजे नाही. इथंही तेच आणि पुण्यातही तेच. आपण मात्र करायचं."

आणि बाईंनी केलं. जमीन अजून चर्चच्या मंडळाचीच होती, त्यांची परवानगी काढली, दगडकाम करणारा एक म्हातारा गाठला, कुत्री फिरवायला येणाऱ्यांना हातमोजे वाटले. कौन्सिलला इतके फोन केले की शेवटी टारमॅक लांबलं आणि डॅनियल स्वतः शनिवारी पहार घेऊन हजर झाला. एकेक दगड उभा राहिला की ताई त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायच्या.

फाटकाजवळचा दगड तेवढा राहिला. तो तडकलेला होता. उचलला तर त्याचा चुरा होईल, असं कारागिरानं सांगितलं. टारमॅकवाले यंत्र घेऊन आले होते. डॅनियल काकुळतीला आला: एवढ्या एकावरून जाऊ द्या.

मीही म्हटलं, "ताई, बाकी सगळे उभे राहिले ना? एकासाठी किती ताणायचं?"

ऑपरेशनच्या सकाळी पोहे खाऊन आलेल्या पेशंटकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शेवटचा पेशंट म्हणून भूल अर्धी देतात का गं?"

मग घडीची खुर्ची उघडून त्या दगडाशेजारी बसल्या. रिमझिम चालू होती. "द स्टोन कान्ट मूव्ह? फाइन," त्या डॅनियलला म्हणाल्या. "मूव्ह द पाथ."

टारमॅकवाल्यांचा चहा झाला, डॅनियलचे फोन झाले. ताई बसूनच होत्या. शेवटी वाट हलली.

पुढच्या हिवाळ्यात ताई गेल्या, झोपेतच. बागेच्या मंडळींना त्यांच्या नावाचा बेंच ठेवायचा होता. मला नाही म्हणावं लागलं, कारण ताईंनी बजावून ठेवलं होतं, "बेंचवर पोरं बूट घालून चढणार, आणि चुकलं हो म्हणायला मी नसणार!" त्यामुळे त्यांचं नाव बागेत कुठंच नाही. याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

वाट मात्र फाटकापाशी विनाकारण वळल्यासारखी वळते. सायकलवाले कुरकुरतात आणि वळतात. दगडावरचं एकच नाव आता वाचता येतं, हॅना. बसला जाताना मी तिला नावानं हाक मारते. मग आणखी एक नाव घेते, भुलीतून उठवताना घेतात तसं पूर्ण आणि जरा मोठ्यानं: डॉक्टर कुमुद सबनीस.