कंदुरीचं जेवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि खरं सांगू का — प्रार्थनेतसुद्धा नाही. तिथं मी 'प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर' असं घाऊक बोलून पुढं सरकते. घाऊक बोललं की एकेक माल उघडून दाखवावा लागत नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला धजतेय. आणि तरी बघा, सुरुवात कुठून करावी ते सुचत नाहीये — शाळेत तीस-पस्तीस वर्षं बडबड केलेल्या बाईला!

मी जन्मानं ख्रिस्ती. छावणीच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला आमचं चर्च. वडील मंडळीचे पंच होते, पुढं नवराही पंच झाला. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि दर शुक्रवारी दुपारी चर्चमध्ये बायकांची सभा घ्यायचे. माझा आवडता विषय एकच — ख्रिस्तातलं स्वातंत्र्य. हे खाऊ नको, ते शिवू नको, या सगळ्यातून आपली सुटका झालीय. आता जे करायचं ते भीतीनं नाही, प्रेमानं करायचं — असं मी अगदी रंगात येऊन सांगायचे. बायका माना डोलवायच्या. त्यांतल्या निम्म्यांना घरी विचारल्याशिवाय माहेरीसुद्धा जाता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. नळाला पाणी यायचं तेव्हा सण असल्यासारखं वाटायचं, आणि तरी जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगा उठत होत्या. आमच्या चर्चच्या मागंही एक उठत होती. आवारातल्या बोअरला पाणी टिकून होतं, म्हणून बांधकामावरच्या बायका घागरी घेऊन यायच्या. भामा त्यांच्यातलीच. सिल्लोडकडच्या खेड्यातली, धनगराच्या घरची. चाऱ्यावाचून मेंढरं विकून टाकली, नवरा इथं गवंड्याच्या हाताखाली लागला, आणि त्यांची एकुलती एक मुलगी, सोनी, गावी सासूपाशी ठेवली होती.

भामा कशी होती सांगू? मुकादम शिवी देऊन बोलला तर ती डोक्यावरचं घमेलं खाली ठेवायची आणि म्हणायची, "नीट बोल, मंग उचलते." एवढंच. भांडण नाही, काही नाही. पाण्याला आली की सभेच्या दारात टेकायची, मग आत येऊन बसायला लागली, मग प्रश्न विचारायला लागली. पुढं तिनं आपणहून बाप्तिस्मा मागितला. नवरा म्हणाला, तुला पटतंय तर घे, मला ओढू नको. आमच्या मंडळीत मात्र कुजबुज झाली — पाण्यासाठी ख्रिस्ती झाली म्हणून. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा असाच एका दुष्काळात, मिशनच्या कामावर खडी फोडताना झाला होता. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तेव्हा मीही बोलले नाही. पण तो माझा गुन्हा नव्हे — तो पुढं आहे. मी मुद्दाम रेंगाळतेय, कळतंय मला.

तर — कंदुरी. आमच्या मराठवाड्यात नवस फेडायला देवापुढं किंवा दर्ग्यावर बोकड कापतात आणि सगळी भावकी एका पंगतीला बसून जेवते, त्याला कंदुरी म्हणतात. जेवला तो आपला. ताटावरून उठला तो तुटला. भामाच्या दिराचा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला होता, त्याची कंदुरी होती. सासूनं निरोप धाडला — ये, पंगतीला जेव, आणि सोनीला घेऊन जा. जेवणार नसशील तर पोरगी इथंच राहील. आणि भामाला तर सोनीला आमच्या शाळेत घालायचं होतं, त्याच जूनमध्ये.

ती बोअरपाशी मला गाठून म्हणाली, "बाई, जेवू का नको?"

मी म्हणाले, "तू ख्रिस्तात मोकळी आहेस, भामा. मटण म्हणजे मटण. भीतीनं खाऊ नकोस आणि भीतीनं सोडूही नकोस. जा, पोटभर जेव, आणि लेकीला घेऊन ये."

हे मी बोलले. माझ्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द मला आठवतोय. आणि तुम्हाला वाटत असेल की इथंच मी चुकले — तर नाही. मला आजही वाटतं की आयुष्यात मी कुणाला खरा धडा दिला असेल तर तो तेवढा एकच. 

ती गेली, जेवली, सोनीला घेऊन आली. तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या आणि नाकात चमकी, अशी ती पोर पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी होती. भामा नुसती हसत होती.

पण सिल्लोडकडं आमच्या मंडळीतल्या कुणाचं तरी सासर होतं. तिकडून बातमी आली — तुमची नवी बाई देवापुढचं जेवली. झालं. रविवारी उपासनेनंतर पंचांनी तिला मागच्या खोलीत बोलावलं. सभा माझ्याकडं, म्हणून मलाही बसवलं. आमच्याकडं अशा गोष्टीला शिक्षा ठरलेली — प्रभुभोजन बंद. सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस मिळणार, तबक तुमच्यासमोरून पुढं जाणार, आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून बसायचं.

पाळकसाहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी अगदी मऊपणानं विचारलं, "भामाबाई, असं करू नये हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

भामानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात बोट दाखवणं नव्हतं. वर्गात एखादं मूल उत्तर अडलं की बाईंकडं बघतं ना, बाई आता सांगतील म्हणून — तसं बघितलं.

आणि मी म्हणाले, "मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, जाऊ नकोस म्हणून."

हा माझा आवाज होता! वर्गातला, ठणठणीत. अडखळला नाही, कापला नाही. मला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं हो — प्रश्न तिला होता, आणि मीच झडप घालून बोलले. आजही ते वाक्य आठवलं की मला वाटतं, खोलीत आणखी कुणीतरी बाई असणार, तीच बोलली असणार. पण दुसरी बाई नव्हती तिथं. भामा आणि मी, दोघीच होतो.

का बोलले? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याची धारच गेली. कुणी मला मारणार होतं? वाळीत टाकणार होतं? छे. फार तर शुक्रवारची सभा माझ्याकडून काढून घेतली असती. म्हणजे बघा — ज्या सभेत मी बायकांना भिऊ नका म्हणून शिकवत होते, ती सभा जाईल या भीतीनं मी खोटं बोलले. माझा नवरा शेजारीच बसला होता. त्यानं अभिमानानं मान हलवली.

मला वाटलं, आता भामा घमेलं खाली ठेवणार. आता ती म्हणणार, नीट बोला बाई. मी वाट बघत होते. पण तिनं मान खाली घातली. तिचे ओठ हलत होते — काहीतरी आठवून बघत होती. पंचांनी तिचं प्रभुभोजन काही महिने बंद केलं. तिनं 'व्हय' म्हटलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी उभी. वाटलं, आता चारचौघांत विचारणार.

ती म्हणाली, "बाई, माफी करा मला. तुमी जाऊ नको म्हनला आसाल. माझ्याच डोस्क्यात उलटं ऱ्हायलं. लई इचार केला रातभर. तुमी खोटं कशाला बोलताल?"

ऐकलंत? स्वतःच्या कानांवरचा विश्वास तिनं सोडून दिला, माझ्यावरचा नाही.

आणि मी काय केलं, विचारा. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "असू दे भामा, होतं असं कधीकधी." मी तिला क्षमा केली! मी — तिला. खोटं एका झटक्यात तोंडातून गेलं असं एकवेळ म्हणता येईल. पण हे? हे तर मी सावकाश, शुद्धीवर असताना केलं, आणि वर शाळेत जाऊन हजेरी घेतली.

त्या दिवसापासून भामा विचारायला लागली. "बाई, संक्रांतीचा तिळगूळ घेऊ का?" "बाई, शेजारनीनं पुरनपोळी दिली, खाऊ का परत करू?" "सोनीच्या गळ्यातला काळा दोरा तोडू का?" आधी प्रश्न विचारायची ती समजून घ्यायला. आता विचारायची ती परवानगी. स्वतःचं काही ठरवायचं म्हटलं की तिला वाटायचं, आपल्या डोक्यात उलटं राहतं. आणि मी प्रत्येक वेळी 'नको' म्हणायचे. तिळगूळ नको, पोळी नको, दोरा तोड. कारण 'नको' म्हणणाऱ्या माणसाला पंच बोलावत नाहीत. मंडळी मात्र खूश झाली. भामाबाई विश्वासात किती पक्की झाली, बाईंनी किती मेहनत घेतली, असं लोक मला म्हणायचे. तिचं प्रभुभोजन पुन्हा सुरू झालं. मुकादमालाही ती आता उलटून काही बोलत नाही, असं माझ्या कानावर आलं, आणि मला — सांगायला लाज वाटते — मला ते नम्रतेचं फळ वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिची सासू वारली. नवरा सोनीला घेऊन निघाला, सामानाची पिशवी भरली, आणि भामा माझ्या दारात. "बाई, मातीला जाऊ का?"

आता तुम्हीच सांगा, यात विचारण्यासारखं काय होतं? जिनं आपलं लेकरू सांभाळलं तिला शेवटचं बघायला जाऊ नये, असं कुठलं शास्त्र सांगतं? आमची मंडळी सगळ्यांच्या मातीला जातात. पण माझ्या डोक्यात काय आलं — तिथं नैवेद्य असेल, पंगत असेल, पुन्हा कुणीतरी बातमी आणेल, पुन्हा ती खोली, पुन्हा ती माझ्याकडं बघणार. मी म्हणाले, "जाऊ नकोस. घरीच प्रार्थना कर."

म्हणजे पंचांसमोर जे खोटं सांगितलं होतं, ते मी आता खरं करून दाखवलं.

ती गेली नाही. नवरा दारात क्षणभर थांबला होता म्हणे, मग गेला. तो परत आला नाही. सासूच्या मातीला न आलेली बाई आमची कोण, असं भावकीनं ठरवलं, आणि सोनीला जावेपाशी ठेवून घेतलं. शाळेच्या पटावर तिचं नाव बरेच दिवस राहिलं. रोज मी ते पुकारायचे आणि वर्ग गप्प बसायचा.

भामा पुढं कुठं गेली, मला माहीत नाही. बिल्डिंग पुरी झाली, तिथं लोक राहायला आले, खालच्या मजल्यावर मोबाइलचं दुकान निघालं. पण जाण्याआधी ती एकदा घरी आली होती. तेवढं सांगते आणि थांबते.

सोनीला आणायला ती गावी जाऊन आली होती. सिल्लोडच्या एसटीतून उतरून थेट माझ्याकडं. मी प्रभुभोजनाच्या रसासाठी मनुका निवडत बसले होते. ती उंबऱ्याशी टेकली आणि सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात. गावी जावेनं तिला दारातच तांब्याभर पाणी दिलं, आत घेतलं नाही. सोनी चुलतीच्या पदराआड उभी होती. हाक मारली तर पुढं आली नाही.

मी वाट बघत होते, आता ही मला बोलेल. बोलावी असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं — भामा, तू बरोबर ऐकलं होतंस, मी खोटं बोलले. एवढंच वाक्य. मनुकांचं ताट मांडीवर होतं आणि हात थांबले होते.

तिचे ओठ थरथरत होते. ती ते दातांनी धरत होती. मी सभेत शिकवलं होतं ना — आपण ख्रिस्ती, आपल्याला आशा आहे, आपण मेलेल्या माणसासाठी ऊर बडवून रडत नाही.

"बाई," ती म्हणाली, "सोनी तर जित्ती हाय. तिच्यासाठी रडलं तर चालंल का?"

मी म्हणाले, "हो, चालेल."

मग ती रडली.