खाडीचा चिखल

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बंगळूरसारख्या समुद्र नसलेल्या गावात बसून मी समुद्रतळाच्या चिखलावर संशोधन करत होतो. लोक हसायचे, हसोत बापडे. चिखलात कुजलेली पानं, मासळी, शेवाळ यांचा अंश हळूहळू वरच्या पाण्यात विरघळत उतरतो. तो किती उतरतो, एवढंच मला मोजायचं होतं.

चिखल पाठवला माझ्या सासऱ्यांनी. सत्तरीच्या त्या गृहस्थांनी भर ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून खाडीच्या तोंडाशी डबा भरला. मिरजेवरून रेल्वेने आलेला तो डबा मी यशवंतपूर स्टेशनावर उतरवून घेतला. प्रयोगशाळेचा पत्रा उन्हाळ्यात तापायचा, म्हणून चिखल आणि खारं पाणी काचेच्या मोठ्या बरणीत भरलं, झाकण मेणाने बंद केलं आणि बरणी घरच्या कोठीत ठेवली. सहा महिने हात लावायचा नाही.

बायकोला माहेरी जाऊन तीन वर्षं झाली होती. मी कबूल केलं, बरणी उघडली की गणपतीला नेतो. तेव्हापासून ती रोज दुपारी कोठीत बरणीपाशी जाऊन बसायची. पाणी पिवळसर होत चाललं होतं. बाबांच्या खाडीचं आहे हो, म्हणायची. मला हसू यायचं. आज तिच्याशेजारी तिथे घटकाभर बसायला मिळावं म्हणून जीव तुटतो.

नारळी पौर्णिमेला संध्याकाळी घरी आलो, तर मेण फोडलेलं. पाण्यावर हळदकुंकू, झेंडू, आणि वर नारळाचं पाणीही ओतलेलं. माहेरी त्या दिवशी सगळं गाव खाडीवर जायचं; इथे समुद्र घरातच आहे म्हणून हिने त्याची पूजा केली होती. नारळाच्या पाण्यात साखर आणि काय काय विरघळलेलं, आता मोजणार काय, कपाळ? माझं तोंड सुटलं. नाही नाही ते बोललो.

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "मग आता गणपतीला जायचं ना? बरणी तर उघडली."

"आता पुन्हा सहा महिने," मी म्हणालो.

तिनेच वडिलांना पत्र घातलं. बिचाऱ्या म्हाताऱ्याने परत गाळात उतरून दुसरा डबा पाठवला. या खेपेला ती कोठीकडे फिरकलीसुद्धा नाही. मला मेल्याला त्याचं बरंच वाटलं.

माघात तार आली. बरणी उघडायला अजून महिना होता. ती तशीच टाकून मी तिला माहेरी नेलं, वडिलांच्या तेराव्याला.